विल्हेवाट आणि कौल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक चौकट दिसते. वर 'जाहीर लिलाव' असे ठळक अक्षरांत आणि खाली बारीक टायपात मजकूर. अमुक खात्याच्या आवारातील निर्लेखित जीप, लोखंडी कपाटे, मोडक्या खुर्च्या; तमुक ठिकाणची जुनी इमारत; किंवा या या गटातील जागा भाडेपट्ट्याने देणे आहे. अनामत रक्कम आगाऊ भरावी. कोणतीही बोली नामंजूर करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. पुष्कळ लोक ही चौकट न वाचताच पान उलटतात. मी मात्र ती वाचतो. काही विकत घेण्याचा बेत नसतो, आणि कवीच्या खिशात अनामत रक्कम असण्याचा प्रश्नच येत नाही. मी वाचतो ती त्यातल्या शब्दांसाठी.

आता हेच पाहा. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर कोकणच्या किनाऱ्यावर उतरला आणि घाट चढून वर आला. 'हर्रास' अरबी. 'जप्त' अरबी, 'इनाम' अरबी, 'वतन'ही अरबी. 'अनामत' म्हणजे मूळची 'अमानत', विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. 'खालसा' म्हणजे शुद्ध, ज्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही अशी. हे सगळे परके पाहुणे आपल्या महसुली दप्तरात आले आणि इतके घरचे झाले की, त्यांना गाव विचारायचे कुणाला सुचत नाही. पण या सगळ्यांत मला प्रिय आहे तो 'कौल'.

'कौल' म्हणजे उच्चारलेले वचन, दिलेला शब्द. ज्या मुळापासून 'कौल' आला त्याच मुळापासून 'कव्वाली' आली. देवाला कौल लावतात, निवडणुकीत जनतेचा कौल घेतात, तोही हाच. आणि जुन्या काळी सरकार एखाद्याला पडीक जमीन कसायला देई, तेव्हा लिहून देई तो कागदही कौलच. कौलनामा. जमीन देणे म्हणजे शब्द देणे, ही समजूत त्या नावातच आहे.

आज मला या कौलाविषयीच बोलायचे आहे. सरकारजवळ जी जमीन, जी इमारत, जी जागा जास्तीची असते किंवा जास्तीची ठरते, तिचे आपल्या सातारा-सांगली भागात गेल्या दोनशे वर्षांत काय झाले, हे पाहायचे आहे. हे दोन जिल्हे म्हणजे एकाच घरातून वेगळी झालेली भावंडे. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे तालुके आणि आसपासची संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. तेव्हा गोष्टही एकत्रच सांगायला हवी.

चढता सारा

जमीन पडीक का पडते? दुष्काळ येतो, फौजा जातात, पटकी येते, कुळे गाव सोडून जातात. सरकारच्या दृष्टीने अशी जमीन म्हणजे डोक्यावरचे ओझे. सारा नाही, वस्ती नाही, रान माजते. मग कुणाला तरी बोलावून म्हणायचे, 'ये, ही जमीन वहिवाट.' पण पहिल्याच वर्षी पूर्ण सारा मागितला तर कोण येणार? म्हणून शिवकाळापासून पेशवाईपर्यंत आपल्याकडे एक युक्ती चालत आली. पहिल्या वर्षी नावापुरता सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, आणि असे करत करत काही वर्षांनी पूर्ण दर. या चढत्या साऱ्याला 'इस्तावा' म्हणत.

यात एक शहाणपण आहे. सरकार पहिल्या वर्षीचा पैसा सोडून देते आणि त्याबदल्यात नांगरलेली जमीन आणि वसलेले गाव मिळवते. कसणाराही कष्ट आधी घालतो आणि फळ नंतर पाहतो. दोघेही एकमेकांना मुदत देतात. लिलाव आणि कौल यांत फरक असेल तर तो हाच. लिलावात विचारतात, 'आज किती देतोस?' कौलात विचारतात, 'इथे काय करशील?'

इथे कुणी म्हणेल, हा सगळा जुन्या काळाचा गोडवा झाला. तसे नाही. कौल मोडणारे सुभेदार होते, मुदत संपण्याआधी सारा चढवणारे मामलेदारही होते. पण मोडायला आधी कौल असावा लागतो. मोडला म्हणजे 'मोडला' असे म्हणता तरी येते.

बेवारस कोण ठरवतो?

साताऱ्याची मोठी गोष्ट १८४८ सालची. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८१९ साली तह केला. तह म्हणजे दोन राज्यांमधला कौलच. वीस वर्षांनी, १८३९ साली, कटाचा आरोप ठेवून त्याच महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे दारे ठोठावत राहिले. महाराज १८४७ साली काशीलाच वारले. गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब १८४८ च्या एप्रिलमध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने तो मान्य केला नाही. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क याचेही मत राज्य घेऊ नये असेच होते, पण ते चालले नाही. औरस वारस नाही, म्हणून राज्य बेवारस. बेवारस, म्हणून सरकारजमा. सातारा खालसा झाला. मघाशी सांगितलेला तो 'शुद्ध' शब्द कुठे येऊन पोहोचला पाहा.

जास्तीच्या मालमत्तेचा इतिहास सांगताना ही गोष्ट आधी सांगावी लागते. कारण 'हे कुणाचेच नाही' असे म्हणणारा बहुधा तोच असतो ज्याला ते हवे असते. घरात माणसे आहेत, दत्तक मुलगा आहे, राण्या आहेत, आणि कागदावर मात्र लिहिलेले आहे: वारस नाही.

राज्य गेले, पण वाडे राहिले. सत्ता गेलेल्या वाड्यांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाही पडला. साताऱ्याच्या राजवाड्यात पुढे शाळा आली, आणि नव्या वाड्यात न्यायाची कचेरी बसली. १८५१ साली सुरू झालेली ती सरकारी शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. विद्येची आवड असलेल्या, आणि त्याच सरकारने काशीला पाठवलेल्या महाराजांचे नाव शाळेला मिळाले, हा काळाने उगवलेला एक सौम्य सूडच म्हणायचा.

या शाळेच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला एका मुलाचे नाव दाखल झाले. तो मुलगा म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. जिथे एके काळी मानकऱ्यांशिवाय कुणाचा पाय पडत नसेल, तिथे महार समाजातला एक मुलगा पाटी-पुस्तक घेऊन गेला. रिकाम्या झालेल्या वाड्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. त्या काळच्या शालेय आयुष्याविषयी बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. वर्गात इतरांपासून वेगळे बसायचे, बसायला घरून आणलेला पोत्याचा तुकडा, आणि तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. म्हणजे इमारत सगळ्यांची झाली होती, पण आतली जमीन अजून वाटलेलीच होती. सरकारी जागा लोकांसाठी खुली झाली एवढे म्हणून भागत नाही. ती कोणत्या लोकांसाठी आणि कशी खुली झाली, हेही विचारावे लागते.

रिकामा डोंगर

साताऱ्याहून आता महाबळेश्वरला जाऊ. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी त्या डोंगरावर चढला आणि तिथल्या हवेची कीर्ती मुंबईपर्यंत गेली. गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ साली तिथे आला. १८२९ च्या मे महिन्यात प्रतापसिंह महाराजांनी तो डोंगरमाथा इंग्रजांना दिला आणि बदल्यात वाई भागातले खंडाळा घेतले. नव्या वस्तीला माल्कम पेठ नाव पडले. जागा सरकारची, त्यावरचा बंगला बांधणाऱ्याचा, अशा रीतीने भाडेपट्ट्यांचे गाव उभे राहिले. गोरे साहेब आले, मुंबईचे पारशी आणि इतर सावकार आले, संस्थानिक आले.

डोंगर रिकामा होता असे आपण सहज म्हणतो. पण तो रिकामा नव्हता. तिथे कुणबी होते, कोळी होते, धनगर होते, आणि धावड होते. धावड म्हणजे लोखंड गाळणारे. डोंगरातला दगड भट्टीत घालून लोखंड काढायचे, त्यासाठी रानातल्या लाकडाचा कोळसा पाडायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. हे धावड धर्माने मुसलमान. माझ्या धर्माचे म्हणून नव्हे, पण मराठी मुलखातल्या हुन्नराच्या इतिहासात त्यांचे नाव फार कमी घेतले जाते, म्हणून मी ते मुद्दाम घेतो. पुढे रान सरकारी झाले, त्याचे रक्षण सुरू झाले आणि कोळसा पाडणे अवघड होऊन बसले. भट्ट्या विझल्या. ज्यांनी लोखंड गाळले त्यांची पोरे बाजारपेठेत मजुरी करू लागली.

रानाचे रक्षण चुकीचे होते असे मला म्हणायचे नाही. त्या रानामुळेच कृष्णा-कोयनेची उगमस्थाने आज हिरवी आहेत. पण ज्याची भट्टी विझवली त्याला दुसरा कोणता कौल दिला, हे मी दप्तरांत शोधतो आणि मला ते सापडत नाही. बंगल्याच्या जागेला पट्टा होता, भट्टीच्या जागेला नव्हता. पट्टा ज्याच्याजवळ त्याचा इतिहास टिकतो.

गंमत अशी की, याच महाबळेश्वरात १८३० च्या दशकात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, तो १८६४ पर्यंत चालला. आग्नेय आशियातल्या इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या या कैद्यांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या वस्तू विणल्या. हजारो कोसांवरून बेड्या घालून आणलेल्या माणसांनी त्या मातीत बाग फुलवली. कैदी आणि पडीक जमीन यांचे नाते आपल्या भागात पुढे आणखी एकदा जुळणार होते. पण ती गोष्ट औंध संस्थानातली आहे, आणि तिच्याआधी तिथल्याच एका माळाची गोष्ट सांगायला हवी.

निवडुंगाचा माळ

१९१० सालची ही हकिगत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावला नांगर आणि कडबा कापायची यंत्रे बनवण्याचा छोटा कारखाना होता. नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी होती, तेव्हा कारखाना हलवा असे सांगण्यात आले. पदरी यंत्रे, कारागीर, आणि डोक्यावर छप्पर नाही. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची लक्ष्मणरावांशी ओळख होती. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. संस्थानाच्या लेखी तो माळ कुचकामी होता. निवडुंग, दगड आणि साप, एवढेच पीक. सारा म्हणून तिथून काय येणार होते?

राजाने त्या माळाचा लिलाव पुकारला असता तर बोली कुणी केली असती? फार तर एखाद्या मेंढपाळाने चराईचे चार आणे देऊ केले असते. बाळासाहेबांनी माळाची किंमत केली नाही, माणसाची केली. हा इस्ताव्याचाच विचार. आधी वस्ती होऊ द्या, सारा मागाहून येईल.

वस्ती झाली. निवडुंग तोडला गेला, छपरे उभी राहिली, आणि मार्च १९१० पासून किर्लोस्करवाडी आकाराला येऊ लागली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे तेव्हा शेतकऱ्यांना वाटे. नांगर खपायला वेळ लागला. पण खपला. हेच नांगर गावोगाव विकत फिरणारे एक विक्रेते पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. ज्या माणसाने १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, त्याची पायपीट या माळावरच्या नांगराबरोबर झाली होती. कारखान्याच्या रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली रामोशी माणसे ठेवली, हीही गोष्ट प्रसिद्ध आहे. समाजाने जास्तीची ठरवलेली माणसे आणि संस्थानाने जास्तीची ठरवलेली जमीन, दोन्हींवर एकाच माणसाने विश्वास टाकला.

मी कवी, म्हणून मला त्या माळाचे आणखी एक पीक आठवते. १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. नंतर 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. आमच्या पिढीच्या आधीच्या दोन पिढ्यांनी नवे विचार वाचले ते या मासिकांतून. बत्तीस एकर निवडुंगाच्या जागी नांगर उगवला आणि नांगरामागून अक्षरे उगवली. कुंडल रोड स्टेशनचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.

भिंत नसलेला तुरुंग

औंध संस्थानाचीच दुसरी गोष्ट १९३९ सालची. त्या वर्षी बाळासाहेबांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांची धडपड होती आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या इंजिनिअरची कल्पकता होती. स्वामी भारतानंद हे त्यांचे आपल्याकडचे नाव. फ्रीडमन यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. कैद्यांना भिंतीआड ठेवण्याऐवजी मोकळ्या जमिनीवर ठेवा, बायकामुले बरोबर राहू द्या, शेती करू द्या.

आटपाडीजवळ तशी वसाहत वसली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. आटपाडी म्हणजे माणदेश; पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. तिथल्या उजाड रानाला बाजारात किती भाव असणार? आणि खुनाची शिक्षा झालेल्या माणसाला तरी किती? दोघांना एकत्र आणले आणि सांगितले, 'कुंपण नाही, पळून जाता येईल. पण तुझ्या शब्दावर तुला सोडले आहे.' मित्रहो, याहून शुद्ध कौल मला इतिहासात आढळलेला नाही. इथे सरकारने जमीन दिली आणि अनामत म्हणून फक्त माणसाचा शब्द घेतला.

हा प्रयोग संस्थानाबरोबर संपला नाही. औंध विलीन झाले, आटपाडी सांगली जिल्ह्यात आली, आणि स्वतंत्रपूर राज्याच्या कारागृह खात्याची खुली वसाहत म्हणून चालत राहिले. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' आपण पाहिलेला असेल. सहा कैदी, एक जेलर आणि एक ओसाड जमीन. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच माणदेशातले, शेटफळ्याचे. चित्रपटाने बर्लिनला पारितोषिक मिळवले, तेव्हा या रानाची माती जगाने पाहिली.

'अतिरिक्त' शब्दाची दुसरी बाजू

स्वातंत्र्य आले, १९४८ मध्ये इथली संस्थाने विलीन झाली. राजांच्या कचेऱ्या, पागा, वाडे, कुरणे यांपैकी बरेच काही सरकारकडे आले. सांगलीच्या राजवाड्याच्या आवारात वर्षानुवर्षे जिल्ह्याचा कारभार चालला. पुढे जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला गेले. साताऱ्यातही जुन्या वास्तूंमधून कचेऱ्या उठून नव्या इमारतींत गेल्या. म्हणजे १८४८ सालचा प्रश्न पुन्हा दारात आहे. रिकाम्या वाड्यांचे काय करायचे?

'अतिरिक्त' या शब्दाची एक कडू गोष्ट फलटणजवळच्या साखरवाडीने पाहिली. खासगी साखर कारखान्यांनी उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने, म्हणजे भाड्याने, घेतल्या होत्या. १९६१ साली कमाल जमीन धारणेचा कायदा आला. हेतू चांगला, मोठ्यांकडची जास्तीची जमीन भूमिहीनांना मिळावी. पण कारखान्यांकडची जमीन 'अतिरिक्त' ठरली तेव्हा तिच्यात खंडाने दिलेली जमीनही गेली. राज्य शेती महामंडळ स्थापन झाले, मळे त्याच्याकडे आले, आणि मूळ मालक 'खंडकरी' या नावाने ओळखला जाऊ लागला. भाड्याने दिलेली जमीन परत मिळावी म्हणून साताऱ्यासह अनेक जिल्ह्यांतल्या खंडकऱ्यांनी जवळपास अर्धे शतक लढा दिला. २०१२ च्या सुमारास ती परत मिळू लागली, तेव्हा कौल देणाऱ्यांपैकी कितीतरी जण कबरीत किंवा राखेत गेले होते. १८४८ सालचा 'बेवारस' आणि १९६१ नंतरचा 'अतिरिक्त', दोन्ही शब्दांनी आधीच्या माणसाला पुसून टाकले. पहिल्यात कपट होते, दुसऱ्यात हेतू चांगला होता. पुसले जाणे मात्र सारखेच.

सरकारी जमीन कशी द्यायची याचे आपल्याकडे नियम आहेत. १९६६ च्या महसूल संहितेखाली १९७१ साली ते झाले. शाळा, दवाखाना अशा कामांना सवलत आहे. अटीही आहेत. ज्या कारणासाठी जागा घेतली त्याचसाठी वापरावी, ठरल्या मुदतीत काम सुरू करावे, परवानगीशिवाय विकू नये. नाहीतर जागा परत घेतली जाईल. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते, ते याच बंधनांपैकी काहींची आठवण म्हणून. नीट पाहिले तर हा जुना कौलनामाच आहे. उणीव असते ती पाळण्यात. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या पट्ट्यांच्या मुदती आणि शर्ती यांवरून आजवर किती कागद काळे झाले, ते त्या भागातल्या लोकांना ठाऊक आहे.

दिरंगाईचेही एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. माझ्या गावी एक जुनी दगडी धर्मशाळा होती. ज्या खात्याकडे ती होती त्याला ती नको होती. आम्ही काही जणांनी वाचनालयासाठी ती भाडेपट्ट्याने मागितली. मोहल्ल्यातले होते, वाणी आळीतले होते, बौद्धवाड्यातले होते. उत्तर आले की, ही वास्तू जास्तीची आहे असे अद्याप ठरलेले नाही. ठरेपर्यंत चार पावसाळे गेले. आढे खचले, मग ती धोकादायक ठरली, मग पाडण्याचे काम निघाले आणि सागवानी तुळया लिलावात गेल्या. सरकारच्या तिजोरीत काही हजार रुपये जमा झाले असतील. गावाने काय गमावले त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. लुबाडणूकच वाईट असते असे नाही. न ठरवणे हाही जागा मारण्याचा एक मार्ग आहे.

भाव आणि मोल

मग काय, लिलाव नकोच? तसे मुळीच नाही. लिलावाची एक फार मोठी सोय आहे. तो उघड्यावर होतो. बंद दाराआड मर्जीतल्या माणसाला जागा देण्यापेक्षा चौकात पुकारलेली बोली केव्हाही बरी. स्पेक्ट्रम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत लिलावाचाच आग्रह धरला. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी मत विचारले तेव्हा न्यायालयाने सांगितले की, लिलाव हा एकमेव मार्ग नव्हे. लोकहितासाठी दुसरा मार्गही घेता येईल, मात्र तो मनमानी नसावा. आणि २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींविषयी न्यायालयाने बजावले की, गायरान, तळी, पाणंद ही गावाची आहेत. ती रिकामी दिसतात म्हणून कुणी बळकावायची नसतात.

बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते. त्यांनी एका माणसाकडे पाहून माळ दिला आणि त्यांची पारख खरी ठरली. लोकशाहीत अशी पारख एका माणसावर सोडता येत नाही, सोडूही नये. तिथे ती पारख सगळ्यांनी मिळून, कागदावर आणि उजेडात करायची असते. काम अवघड आहे, पण विचारायचे प्रश्न तीनच आहेत. ही जागा खरेच कुणाची नाही का, की तिथे कुणाची भट्टी पेटलेली आहे? घेणारा तिथे काय करणार आहे, आणि त्याचे दार कुणाकुणाला उघडे असेल? आणि त्याने शब्द पाळला नाही तर परत मागण्याची हिंमत आपल्यात आहे का?

शेवटी पुन्हा एका शब्दाकडे वळतो. १९७१ च्या त्या नियमांच्या मराठी नावात सरकारी जमिनींची 'विल्हेवाट' असा शब्द आहे. आज आपण विल्हेवाट लावतो ती कचऱ्याची, मेलेल्या जनावराची. त्यामुळे जमिनीची विल्हेवाट म्हटले की कानाला खटकते, जणू काही नकोशी वस्तू फेकून द्यायची आहे. पण विल्हे लावणे म्हणजे मूळचे व्यवस्था लावणे, एकेक वस्तू तिच्या तिच्या जागी नीट ठेवणे. राजवाड्यात शाळा ठेवली ही विल्हेवाट. निवडुंगाच्या माळावर कारखाना ठेवला ही विल्हेवाट. कैद्याला शेतात ठेवले ही विल्हेवाट. धावडाला मात्र कुठेच ठेवले नाही. तिला विल्हेवाट म्हणता येत नाही.